रिकाम्या पिंपाचं बोलणं

सुरतेच्या नवागाममधला ट्रान्स्फॉर्मर सकाळी कधीतरी जळाला आणि पुष्पाबाईला ते कळलंच नाही. ती उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. पंखा थांबलेला तिला दिसला, मानेवरून घाम उतरायला लागला तेव्हा तिने पदराने वारा घेतला, आणि मागच्या भिंतीकडे मान उडवून म्हणाली की गरिबाच्या घरची लाईट बरी जाते, शेठच्या मागांची काही जात नाही. मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांचं खातं होतं, लांबलचक पत्र्याची शेड. तिचा नवरा धुडकू आणि मुलगा लखन दोघेही तिथे माग चालवायचे, आणि ती स्वतः वीस वर्षं तिथेच बॉबिनी भरायला होती. स्टोव्हपाशी बसलेली सून काहीतरी बोलली. योगिताला लग्न करून साक्री तालुक्यातून इथे आणल्याला वर्ष होऊन गेलं होतं, पण पोरीची एक सवय काही जात नव्हती. ती ओठांतल्या ओठांत बोलायची. "तोंडमा काय बोलस?" पुष्पाबाई करवादली. "जोरमा बोल." तेव्हा योगिता उठून तिच्यासमोर आली आणि हात हलवून म्हणाली, "आत्याबाई, समदं बंद शे. खातं बी बंद शे. किती गुपचूप वाटी ऱ्हायनं, घड्याळ आयकू ई ऱ्हायनं." पुष्पाबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा पुढे सरकत होता. घड्याळ आणि ती यांच्यामध्ये नेहमीचा आवाज भरून होता, बारीक, न तुटणारा, खाली उकळी आणि वर फसफस असा. तिने सूप बाजूला ठेवलं, चपला न घालताच घराला वळसा घातला, शेडच्या पत्र्याला कान लावला. आवाज होता. मग तिने दार ढकललं. आत माग जागच्या जागी उभे होते, धोटे अर्ध्या वाटेत अडकलेले, आणि अंधारात दोन मागांच्या मधल्या बोळात माणसं चादरी टाकून आडवी झाली होती. धुडकू भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. त्याने तिच्याकडे पाहून हातानेच विचारलं, काय. खात्यावरची माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात आणि एकमेकांच्या ओठांकडे पाहतात, ते घरीही तसंच चालतं. तिने हातानेच सांगितलं, काही नाही. माग बंद होते, आणि आवाज चालूच होता.

ती घरी येऊन पुन्हा सूप घेऊन बसली, पण खडा कुठला नि दाणा कुठला ते दिसेना. आधी तिला राग आला. कोणाचा ते ठरेना, म्हणून तिने तो योगितावर काढला, भात का लावला नाही म्हणून विचारलं, आणि भात लावायचे तांदूळ आपल्याच मांडीवर आहेत हे पाहून गप्प झाली. मग ती मागे मागे जाऊन शोधायला लागली की हा आवाज तिच्यात कधी शिरला. प्लेगच्या वर्षी सगळं सुरत रिकामं झालं होतं, लोक गाडीच्या टपावर बसून खान्देशात पळाले होते, तेही पळाले होते. तेव्हा गावी मागाचं नावसुद्धा नव्हतं. अंगणात निजल्यावर तिला हाच आवाज यायचा, आणि ती म्हणायची, ज्वारीत वारा कसा सळसळतो बघा. वारा पडलेला असायचा. धुडकू हो म्हणायचा, त्याला तरी काय ऐकू येत होतं. त्याआधी बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तिला वाटलं होतं की मांडवामागे पिठाची गिरणी आहे. प्रत्येक वेळी तिने आवाजाला जागा शोधून दिली होती. बाहेर काहीतरी असतंच, गिरणी, नदी, शेजारचं खातं, सुरतेत तर आवाजाला काय तोटा. आणि ज्यांचं बोलणं कळत नाही ती माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. अलीकडे सगळेच तसे बोलायला लागले होते, दूधवाला, लखन, रेडिओवरची बाईसुद्धा. आपल्या अंगावर नको तेवढं दुसऱ्यावर ढकलायची तिची तऱ्हा जुनीच होती. पण तांदळाचं सूप मांडीवर तसंच होतं, आणि त्या आवाजाच्या मागोमाग एक विचार आला आणि तिचे हातच थांबले. हाच आवाज. अगदी हाच आवाज तिने वाडीवर, थोरल्या पिंपाला कान लावून ऐकला होता, आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, हजु बोले छे. अजून बोलतंय.

वाडी म्हणजे तापीच्या काठची धनसुखभाई वैद्यांची वाडी, रांदेरच्या पुढची. आता तिथे जायचं तर दोन बिल्डिंगींच्या मधून बोळाने जावं लागतं, पण पुष्पाबाई लहान असताना वाडीचं फाटक थेट नदीकडे उघडायचं आणि फाटकापासून ओसरीपर्यंत द्राक्षांचे मांडव होते. बारीक काळी द्राक्षं, बी मोठं, गर थोडा, खायला गेलं तर जीभ आक्रसून जायची. ती खायची नव्हती, आसवाची होती. धनसुखभाईंचे आजोबा, ज्यांना सगळे मोटा वैद्य म्हणायचे, त्यांच्या द्राक्षासवाचं नाव पार मुंबईपर्यंत होतं. राज्यात दारूबंदी आली, ताडीची झाडं सुनी पडली, पारशांच्या भट्ट्या विझल्या, पण मोट्या वैद्यांचं आसव औषध होतं, ते चालूच राहिलं, आणि त्या औषधाची गरज पडणाऱ्या सुरती लोकांच्या तब्येती तेवढ्यापुरत्या फारच नाजूक झाल्या. ही थट्टा पुष्पाबाईचा बाप मारुती करायचा. तो पिंपळनेरच्या बाजूचा, गुळाच्या गाडीबरोबर बारडोलीला आला आणि तिथून गुळाच्याच गाडीबरोबर या वाडीत, तो राहिलाच. त्याचं काम पिंपांचं. सागाची दोन पिंपं, माणसाच्या छातीएवढी उंच, त्यांना त्याने नावं दिली होती थोरली आणि धाकटी, जणू सवती. द्राक्षाचा काढा, गूळ, मध, दालचिनी-लवंग, आणि वरून धायटीची लाल सुकी फुलं टाकली की तोंडावर लाकडी झाकण, झाकणावर कापड, कापडावर चिकणमातीचा लेप. मग ते आतल्या आत बोलायला लागायचं. महिनाभर, कधी कमी, कधी जास्त. बोलणं थांबायच्या आधी झाकण फोडलं तर आसव कच्चं राहतं, एकदा हवा लागली की मग सावरत नाही. बोलणं थांबून गेल्यावर तसंच ठेवलं, आणि त्यात चैत्र-वैशाखाचं ऊन असलं, तर ते आंबतं, मग शिरका म्हणून लोणच्यात घालायचं. मधली वेळ तेवढीच, ती कानानेच कळायची. झाकण न उघडता आत पाहायचा दुसरा रस्ता नव्हता.

बापाची कान लावायची पद्धत तिला पाठ होती, निदान तिला तसं वाटायचं. तो पहाटे तोंड धुऊन, कोणाशी एक शब्द न बोलता पिंपांच्या खोलीत जायचा. टोपी काढायचा. आधी रिकाम्या पिंपाला कान लावून उभा राहायचा, मग भरलेल्याला. पिंपं आलटून पालटून भरायचे, एक भरलेलं, तर एक रिकामं, धुऊन वाळत टाकलेलं. लहानगी पुष्पा दारात उभी राहून ते बघायची. रिकाम्याला कशाला कान लावतोस, त्यात काय आहे, असं तिने एकदा विचारलंही होतं, आणि तो म्हणाला होता, "पहिले रिकामं आयकानं, मंग भरेल. कान धोवाई जास." कान धुतला जातो. तिला वाटलं, ही देवळात जाताना पायरीला हात लावतात तशी काहीतरी पाया पडायची रीत असावी. आणि भरलेल्या पिंपाशी उभा राहून तो एक विडा लावायचा. एका बाजूचा कान लाकडाला, हातात पान, चुना, कात, सुपारी. बुडबुडा फुटला की तो पान लावायला घ्यायचा. पान पुरं दुमडून होईपर्यंत दुसरा बुडबुडा आला तर अजून वेळ आहे. पान दुमडून झालं आणि आत गप्पच असलं तर झालं, फोडा. तो विडा तो मोट्या वैद्यांच्या हातात नेऊन द्यायचा, तोच निरोप. तोंडाने काही सांगायचं नाही. अडुसष्टच्या पुरात द्राक्षांचे मांडव गेले, ओसरीत गाळ भरला, धाकटी वाहत जाऊन कडुलिंबात अडकली म्हणून वाचली, आणि आसव बंद पडलं. बाप त्यानंतर फार जगला नाही. पुष्पा पंधरा वर्षांची होती, तिचं लग्न धुडकूशी झालं, आणि ती नदी ओलांडून मागांच्या आवाजात राहायला आली.

तीस वर्षांनी धनसुखभाईंनी ते पुन्हा सुरू करायचं मनात घेतलं. ते वैद्यकीतून रिटायर झाले होते, मुलं परदेशात, हातात वेळ, आणि आजोबांच्या नावाची एक जुनी बाटली कोणीतरी चोर बाजारात मिळाली म्हणून आणून दिली होती. द्राक्षं आता पिंपळनेरहून टेम्पोने आली, फुलं डांगच्या जंगलातून. पिंपं सुताराकडून दुरुस्त झाली. आणि मारुतीची मुलगी सुरतेतच आहे म्हणताना त्यांनी तिला शोधून काढलं. ते नवागामच्या गल्लीत रिक्षातून उतरले तेव्हा सगळी गल्ली बघत होती. पुष्पाबेन, तमारा बापानुं काम तमे करशो, एवढंच त्यांनी विचारलं होतं. बापाचं काम तुम्ही कराल का. तिला आयुष्यात कोणी असं काही विचारलं नव्हतं. तिला बॉबिनी भराल का असं विचारलं होतं, रात्रपाळी कराल का असं विचारलं होतं. त्या दिवशी तिने डोक्याला तेल लावलं आणि धुडकूला सांगितलं की मी काही बॉबिनवाली बाई नाही, मी मारुतीची पोर आहे.

आणि मग थोरली भरली, आणि दर दोन दिवसांनी ती वाडीवर जाऊन तिला कान लावायची. रिकाम्या धाकटीला तिने एकदाही कान लावला नाही. धनसुखभाई बघत असायचे, त्यांच्यासमोर रिकाम्या पिंपाला कान लावून उभं राहणं तिला येडपटपणा वाटला. विडाही लावला नाही, कशाला लावायचा, बुडबुडे मोजायची पाळीच येत नव्हती. आत सारखं चालूच होतं, फसफस, सळसळ, खाली उकळी. बापाच्या वेळी शेवटी शेवटी बुडबुडे सुटे सुटे व्हायचे असं तो सांगायचा, पण तिला वाटलं की ही द्राक्षं वेगळी आहेत, जोर धरून आहेत. "हजु बोले छे?" धनसुखभाई विचारायचे. "बोले छे," ती सांगायची. महिना झाला, महिन्याच्या वर गेलं. होळी होऊन गेली, पिंपांच्या खोलीतही हाताला घाम यायला लागला, तरी बोले छे. शेवटी धनसुखभाईंनीच झाकण फोडायला लावलं, कारण त्यांनी पाहुणे बोलावले होते. ओसरीत पांढरी गादी घातली होती, मोट्या वैद्यांचे जुने ग्राहक आले होते, एक रिटायर मामलेदार, एक पारशी बाई काठी टेकत, दोघंतिघं साड्यांचे व्यापारी. चांदीच्या वाट्यांतून आसव फिरलं. मामलेदाराने वास घेऊनच म्हटलं, अरे वैद्यराज, आ तो वाइन छे, आणि सगळे हसले, धनसुखभाईंनी तोंडावर बोट ठेवलं, औषध म्हणा. मग सगळ्यांनी तोंडाला लावलं, आणि पुष्पाबाई खांबापाशी उभी राहून त्यांचे चेहरे बघत होती. चेहरे वाचायला तिला चांगलं येतं. पारशी बाईंनी डोळे मिटले, वाटी खाली ठेवली, आणि ओठ हलले ते तिला लांबूनही कळले. खाटुं थई गयुं. आंबलं. तिलाही थोडं चाखायला दिलं होतं. जिभेच्या कडा चिरल्यासारख्या झाल्या.

त्या दिवशी धनसुखभाई तिला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट बिचारी म्हणून चहा दिला. त्यांनी दोष लाकडाला दिला. पुरात भिजलेलं लाकूड, तीस वर्षं पडलेलं, आत काहीतरी शिरलं असणार. आणि पुष्पाबाईनेही मान हलवली, लाकडाचंच, मला तर अजून बोलताना ऐकू येत होतं. आता धाकटी भरलेली होती, थोरली धुऊन रिकामी ठेवली होती. धाकटीही बिघडली तर धनसुखभाई दोन्ही पिंपं मोडणार होते आणि स्टीलच्या टाक्या आणणार होते, त्यांच्या पुतण्याने तसं सुचवलं होतं. मिस्त्रीशी बोलणं झालं होतं. सागाचं जुनं लाकूड, दारं-खिडक्या चांगल्या होतील. मिस्त्री उद्या सकाळी लाकूड बघायला येणार होता, आणि परवा गेली तेव्हा धाकटीला कान लावून पुष्पाबाई म्हणाली होती, हजु बोले छे.

सूप मांडीवर घेऊन हे सगळं ती एका जागी बसून जोडत होती, आणि जसजसं जोडलं जात होतं तसतसं तिला शरमेपेक्षा संतापच जास्त येत होता. लाकडाने तिचं काय वाकडं केलं होतं. बापाने कडुलिंबावरून उतरवलेलं पिंप, त्याच्या फळीफळीला तेल लावून त्याने ते पुन्हा उभं केलं होतं, त्यात पुढे कधी आसव पडणार नाही हे माहीत असूनही. आणि ते आता कोणाच्या तरी बाथरूमचं दार होणार, कारण मारुतीच्या पोरीला स्वतःच्या डोक्यातला माग ऐकू येतो. तिला वाटलं, जावं आणि सांगावं की पुरे झालं, मला जमत नाही, तुमचं तुम्ही बघा. म्हणजे पिंपं मोडणारच. किंवा काहीच सांगू नये, अंदाजाने म्हणावं, झालं, फोडा. पण बापाने कधी अंदाजाने फोडलं नव्हतं. दुपारी लाईट आली, माग सुरू झाले, जमीन नेहमीसारखी थरथरायला लागली, आणि तिच्या कानात त्याने तसूभर फरक पडला नाही. तेव्हा तिचं मन घट्ट झालं. कान गेला तर गेला. पिंप जाणार नाही. तिने योगिताकडे पाहिलं. योगिता भांडी घासत होती, खाली मान घालून, आणि गुणगुणत होती. ओठ हलत होते, म्हणजे गुणगुणतच असणार. ही पोर वर्षभर मला ऐकू येईल असं बोललीच नाही, असं पुष्पाबाई वर्षभर सगळ्या गल्लीला सांगत आली होती. घड्याळ मात्र हिला ऐकू येत होतं.

"सकाय मनासंगे चाल," ती म्हणाली. "वाडीवर." योगिताने ओले हात पदराला पुसले आणि जवळ येऊन, अगदी समोर उभी राहून बोलली. ती नेहमीच समोर येऊन बोलते हे पुष्पाबाईच्या आत्ता लक्षात आलं. "माले त्यामातलं काय समजस, आत्याबाई?" "तुले समजाले नको. तुना कान चांगला शेतस." योगिता घाबरली होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती हसलीही. सासूने तिच्यातलं काही चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या दिवशी दोघी उजाडताच निघाल्या. वाटेत पुष्पाबाईने पान, चुना, कात, सुपारी, लवंग घेतली आणि पदराच्या गाठीला बांधली. वाडीवर मिस्त्री आधीच येऊन ओसरीच्या पायरीवर बिडी ओढत बसला होता, शेजारी करवत. धनसुखभाई खुर्चीत होते, उठून उभे राहिले, योगिताला पाहून जरा गोंधळले. "पुष्पाबेन, हजु बोले छे?" त्यांनी नेहमीसारखंच विचारलं. ती पिंपांच्या खोलीत गेली, तिच्या मागोमाग धनसुखभाई, योगिता, आणि मिस्त्रीही करवत हातात घेऊन दारापर्यंत. खोलीत गार होतं, लवंगेचा आणि ओल्या मातीचा वास होता. ती धाकटीकडे न जाता थोरलीकडे गेली. थोरली रिकामी होती, झाकण उघडं, आत कोरडं, वरून बघितलं तर तळ दिसत होता. तिने पदर डोक्यावरून काढला, रिकाम्या लाकडाला कान लावला, आणि उभी राहिली. बापाने सांगितल्यानंतर इतक्या वर्षांनी. लाकूड गालाला खरबरीत लागलं. आणि त्या रिकाम्या पिंपात सगळं चालू होतं, फसफस, सळसळ, खाली उकळी. ती वळली आणि धनसुखभाईंकडे पाहून म्हणाली, "खाली पीप पण बोले छे." रिकामं पिंपही बोलतंय.

धनसुखभाई आधी हसणार होते. मग त्यांनी थोरलीत डोकावून पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते वैद्य होते, त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तो लाकडुं..." म्हणजे लाकूड. "लाकूड चांगलं आहे," पुष्पाबाई म्हणाली. "लाकडाने काही केलं नाही. याला जाऊ द्या." तिने मिस्त्रीकडे हात केला. धनसुखभाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं नाही. "पण आज फोडायचं की नाही, ते कोण सांगणार?" त्यांनी हिंदीत विचारलं, आणि पुष्पाबाईने योगिताच्या पाठीला हात लावून तिला पुढे केलं.

"पहिले रिकामं आयक," तिने सुनेला सांगितलं. योगिताने थोरलीला कान लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मान हलवून सांगितलं, काही नाही. मग धाकटीला. पुष्पाबाई तिच्यासमोर बसली, पदराची गाठ सोडली, पान मांडीवर पसरलं. "बोलनं की बोट वर कर." योगिताने डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग तिचं बोट वर गेलं, पटकन, दचकल्यासारखं. "बोलनं," तिचे ओठ म्हणाले. पुष्पाबाईने पानाला चुना लावायला घेतला. तिने घाई केली नाही. बाप करायचा तसाच, देठापासून टोकापर्यंत, मग कात, मग सुपारी बोटांनी सारखी केली, आणि सगळा वेळ नजर त्या बोटावर ठेवली. बोट खाली होतं. तिने पान एकदा दुमडलं. बोट हललं, पण योगिता नुसतीच हात सैल करत होती. तिने पान दुसऱ्यांदा दुमडलं, लवंग टोचली. झालं. बोट वर आलं नाही. "एक डाव बोलनं," योगिता डोळे उघडून म्हणाली. "मंग नही."

पुष्पाबाई उठली, विडा धनसुखभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो हातात घेतला आणि बघत राहिले, त्यांच्या आजोबांच्या हातात तो कसा यायचा हे त्यांनीही लहानपणी पाहिलं असणार. मग ती धाकटीकडे वळली आणि शेवटचा म्हणून तिने स्वतःचा कान लाकडाला लावला. न लावणंच बरं होतं. आत सगळं जोरात चालू होतं, फसफस, उकळी, थांब, थांब, अजून वेळ आहे. तिचा स्वतःचा कान तिला शपथेवर सांगत होता की थांब. शेजारी काल आलेली पोर सांगत होती की झालं. आणि झाकण एकदा फोडलं की परत लावता येत नाही. क्षणभर तिला वाटलं की पोरीला काय कळतं, मारुतीची मुलगी मी. मग तिने बाजूचा विळा उचलला आणि चिकणमातीच्या लेपावर घातला. वाळलेली माती फुटून पायावर पडली. दुसरा घाव, तिसरा. कानात बोलणं चालूच होतं, पण तिने हात थांबू दिले नाहीत. कापड फाडलं, झाकणाखाली विळ्याचं टोक घालून ते उचकटलं. वास वर आला, दाट, फुलांचा, आणि त्यात आंबटपणाचा लवलेश नव्हता. धनसुखभाईंनी काडी ओढली आणि पिंपाच्या तोंडावर धरली. आत उकळी असती तर काडी विझली असती. ज्योत सरळ उभी राहिली, ते तिने डोळ्यांनी पाहिलं.

मिस्त्रीने करवत बाहेर नेऊन ठेवली. धनसुखभाईंनी पळी बुडवून तीन वाट्या भरल्या आणि चौथी दाराशी मिस्त्रीला दिली, औषध आहे म्हणून. पुष्पाबाईने वाटी तोंडाला लावली. आधी गूळ, मग धायटीच्या फुलाचा तुरटपणा जिभेच्या मधोमध, मग कुठूनतरी ती बारीक काळी द्राक्षं, जी पुरात गेली आणि जी या टेम्पोतल्या द्राक्षांत असायचं काही कारणच नव्हतं, पण लाकडात ती राहिली असावीत. मग छातीत हळूहळू ऊब. बाप विडा देऊन परत यायचा तेव्हा त्याच्या अंगाला हाच वास असायचा, आणि तो कधी प्यायला नव्हता, नुसता जवळ उभा राहिला होता. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. धनसुखभाई वाटी दोन्ही हातांत धरून भिंतीला टेकले होते. विडा त्यांनी खिशात ठेवला होता.

योगिताने आपली वाटी चाखून पाहिली, तोंड वाकडं केलं, मग पुन्हा चाखली, आणि सासूकडे वळून काहीतरी म्हणाली. या वेळी ती समोर आली नव्हती, बाजूलाच उभी होती, वाटी ओठांशी, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. पुष्पाबाईला फक्त नेहमीचं बोलणं ऐकू आलं, ती फसफस, ती सळसळ. तिच्या तोंडात वर्षभराची सवय तयारच होती, तोंडमा काय बोलस. ती तिने गिळली. तिने वाटी खाली ठेवली, सुनेच्या खांद्याला धरून तिला आपल्यासमोर वळवलं, आणि धनसुखभाई ऐकत होते, दारात मिस्त्री ऐकत होता, तरी म्हणाली, "जोरमा बोल, पोरी. माले आयकू येत नही."